दहा कोंबड्यांची लाल नखं

“येत्या शुक्रवारच्या आत कारण शोधून काढतो की नाही, ते बघच तू,” मुकादमाने जाहीर केलं आणि पाण्याचा पेला टेबलावर दणकन ठेवला.

बायकोने पेला उचलला, खालचं ओलं वर्तुळ पुसलं आणि पेला पुन्हा जागेवर ठेवला. नवऱ्याच्या घोषणांचा तिला सत्तावीस वर्षांचा अनुभव होता. घोषणा ऐकून घ्यायची, विरोध करायचा नाही आणि घरातल्या महत्त्वाच्या वस्तू तेवढ्या वरच्या फळीवर हलवायच्या, हे तिचं ठरलेलं धोरण होतं. या वेळी मात्र तिच्याकडून एक चूक झाली. नेलपॉलिशची बाटली खालीच राहिली.

मुकादम म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातला सफाईचा मुकादम. तीस वर्षं बावन्न खोल्या, चार जिने आणि अठरा माणसं त्याच्या हाताखाली होती. जमिनीवर पडलेला कापसाचा बोळा त्याला जिन्याच्या वळणावरून दिसायचा. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी गल्लीपासून नातेवाइकांपर्यंत सगळे त्याला मुकादमच म्हणत. फक्त आता त्याला कुणी काही विचारत नव्हतं. हॉस्पिटलात दिवसातून चाळीस वेळा “मुकादम, हे कसं करायचं?” असं कानावर पडायचं. घरी “अहो, वाढू का?” एवढाच प्रश्न उरला होता, आणि या गोष्टीचं त्याला मनापासून वाईट वाटत असे.

म्हणून तो कोंबड्यांकडे वळला. घरामागे वडिलांनी बांधलेली लांबलचक शेड होती. ती त्यांनी दोन्ही मुलांना मिळून ठेवली होती, मुकादमाला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला. ही ताई त्याच घराच्या पलीकडच्या दोन खोल्यांत राहायची आणि गेली दहा वर्षं एकटीच शेड सांभाळत होती. मुकादम निवृत्त होऊन तिच्या मदतीला आला आणि पहिल्या चौदा दिवसांत बहीणभावांची अकरा भांडणं झाली. अखेर बायकोनेच तोडगा काढला. शेडच्या मधोमध जाळी ठोकली. अलीकडच्या तीनशे कोंबड्या मुकादमाच्या, पलीकडच्या तीनशे ताईच्या. जाळीपलीकडे पाऊल टाकायचं नाही, आणि सल्ला तर मुळीच द्यायचा नाही.

आता गंमत अशी, की पिल्लं एकाच गाडीतून आली होती. खाणं एकाच पोत्यातलं, पाणी एकाच टाकीचं, डोक्यावर पत्रा एकच. तरी सहा आठवड्यांनंतर मुकादमाच्या कोंबड्यांच्या मांड्यांवर खपल्या धरल्या, पोटाखाली लाल चट्टे उठले आणि पायांच्या तळव्यांना काळपट फोड आले. जाळीपलीकडच्या तीनशे मात्र जाहिरातीतल्यासारख्या तुकतुकीत.

पिल्लं देणाऱ्या कंपनीने निरोप धाडला होता. शुक्रवारी डॉक्टरीणबाई तपासायला येतील. या रोगाचं मूळ सापडलं नाही, तर पुढची खेप मिळणार नाही. सापडलं, तर मिळेल, पण त्या खेपेपासून सगळ्या शेडला एकच कारभारी लागेल. कागदावर एकच नाव, आणि शेडची किल्ली एकाच्याच हाती.

ती किल्ली म्हणजे वडिलांच्या हातची जाडजूड पितळी किल्ली. दोन्ही बिऱ्हाडांच्या मधल्या भिंतीवर एका खिळ्याला ती लटकलेली असायची. मुकादमाला ती हवी होती. किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच माणसं येऊन विचारणार, हे त्याला तीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आधी फोनवर चौकशी केली, तेव्हाही तो अगदी ऐटीत बोलला.

“काका, जागा कशी आहे?”

“एकदम स्वच्छ.”

“आणि गादी?” गादी म्हणजे शेडच्या जमिनीवर अंथरलेला भाताच्या तुसाचा जाड थर.

“स्वच्छ. रोज दोनदा स्वतः जातीने लक्ष घालतो.”

“हवा?”

“स्वच्छ.”

“पाण्याची भांडी?”

“त्यांत बघून तुम्ही भांग पाडू शकाल.”

“मग कमाल आहे,” त्या म्हणाल्या. “येऊनच बघते.”

मुकादमाने फोन ठेवला. तपासणीला आठवडा होता. एवढ्या वेळात त्याने एकदा अख्खी नवी इमारत धुऊन काढली होती.

शनिवारी सकाळी त्याने संशोधनाला सुरुवात केली. आधी नेहमीचं काम. फिनेल घातलेल्या पाण्याच्या चार बादल्या त्याने झारीने गादीवर शिंपडल्या. धूळ उडता कामा नये, हा हॉस्पिटलातला पहिला नियम. संध्याकाळी पुन्हा चार बादल्या असायच्या. मग पायांत पांढरेशुभ्र गमबूट चढवलेलाच तो स्टूल घेऊन शेडच्या मधोमध बसला. हे गुडघ्यापर्यंतचे गमबूट अठरा माणसांनी वर्गणी काढून त्याला निरोपसमारंभात दिले होते. त्यांच्याशिवाय तो शेडमध्ये पाऊल टाकत नसे आणि सकाळी एकदा घातले की जेवणाखेरीज काढत नसे. हातात भिंग, मांडीवर वही.

कोंबड्यांना हा पाहुणा फार आवडला. दोघी स्टूलाखाली शिरल्या. एकीने पेन्सिलीचं टोक मोडून पाहिलं. एका दांडग्या कोंबड्याने वहीच्या कोपऱ्याचा लचका तोडला आणि तो न आवडल्यामुळे परत टाकून दिला.

मुकादमाने पहिलं अनुमान लिहिलं. डास. मग त्याच्या लक्षात आलं की डासांना जाळीतून पलीकडे जायला काहीच अडचण नाही. त्याने डास खोडले आणि ऊन लिहिलं. ऊन दोन्हीकडे सारखंच पडत होतं. त्याने ऊनही खोडलं. मग त्याचा संशय त्या दांडग्या कोंबड्यावर गेला. हाच सगळ्यांना बोचकारत असणार. त्याला दिवसभर टोपलीखाली डांबून ठेवला. संध्याकाळी बाकीच्यांच्या खपल्या तशाच, आणि कोंबडा मात्र टोपलीवर भयंकर चिडलेला.

“काय रे, काय करतोयस?” जाळीपलीकडून ताईने विचारलं. ती झिजून कागद झालेल्या जुन्या चपला घालून दाताळ्याने आपली गादी खालीवर करत होती. तिच्या बाजूला बारीक धूळ उडत होती. मुकादमाला ते बघवेना.

“अभ्यास,” तो म्हणाला.

“कसला?”

“सल्ला द्यायचा नाही असं ठरलंय.”

“मी कुठे सल्ला दिला? मी प्रश्न विचारला.”

“प्रश्नातूनच सल्ला सुरू होतो, ताई.”

ताईने दाताळं उचललं आणि पाठ फिरवली. मुकादमाने एक गमबूट दुसऱ्या गमबुटावर घासला. गेले काही दिवस त्याच्या पायाची बोटं सारखी खाजत होती. पण संशोधकाने स्वतःच्या बारीकसारीक तक्रारींकडे लक्ष द्यायचं नसतं, म्हणून त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी आंघोळ करताना त्याला खरी युक्ती सुचली. रोग कोंबडीत आहे की जागेत? हाच तर प्रश्न. आपल्या दहा आजारी कोंबड्या पलीकडे सोडायच्या. ताईच्या दहा धडधाकट इकडे आणायच्या. पाच दिवस थांबायचं. आजारी तिकडेही आजारीच राहिल्या, तर दोष कोंबडीचा. बऱ्या झाल्या, तर जागेचा. इतकी साधी गोष्ट मोठमोठ्या डॉक्टरांना कशी सुचली नाही, याचं त्याला आश्चर्य वाटलं आणि डोक्यावर साबण तसाच ठेवून तो बाहेर आला.

रविवारी ताई बाजारात जायची आणि तास-दीड तास यायची नाही. प्रश्न होता खुणेचा. सहाशे कोंबड्यांतून वीस पुन्हा ओळखायच्या कशा? दोरा बांधला तर ताईला दिसेल. बारीकच खूण हवी, पाण्याने न जाणारी. मुकादमाची नजर आरशाखालच्या फळीवर पडली. तिथे एक लहानशी बाटली होती. लालभडक, नवीकोरी.

कोंबडीच्या नखाला नेलपॉलिश लावणं हे काम बसल्या जागी होत नाही. पहिली कोंबडी पकडायला सात मिनिटं गेली. ती काखेत घट्ट धरावी तर हात उरेना, म्हणून त्याने बाटली दातांत धरली. दुसरीने झाकण उडवलं. ते शोधताना तिसरी सुटली. चौथीने पाय एवढ्या शांतपणे पुढे केला, की मुकादमाला तिचं कौतुक वाटलं आणि त्याने तिच्या नखांना रंगाचा दुसरा हात दिला. तासाभरात वीस कोंबड्या, चाळीस पाय आणि मुकादमाची स्वतःची चार बोटं लाल झाली. अदलाबदल करून, जाळीचं दार लावून, वहीत तारीख घालून तो घरात आला, तेव्हा बायको फळीवर काहीतरी शोधत होती.

“अहो, माझी नेलपॉलिशची बाटली बघितलीत का?”

“मी कशाला बघू?” मुकादमाने दोन्ही हात खिशात घातले.

“भाचीच्या लग्नासाठी राखून ठेवली होती हो. अजून उघडलीसुद्धा नव्हती.”

“सापडेल,” मुकादम म्हणाला, आणि सबंध संध्याकाळ त्याने हात खिशातून काढले नाहीत. जेवणसुद्धा त्याने भूक नाही म्हणून टाळलं.

आता ताईकडे काय झालं ते ऐका. सोमवारी सकाळी ती आपल्या बाजूला गेली आणि दारातच थबकली. दहा कोंबड्या पुढे धावत होत्या आणि उरलेल्या दोनशे नव्वद त्यांच्या पायांमागे लागल्या होत्या. चोची खाली, माना पुढे. ताईने एकीला उचललं. नखं लालभडक! मांडीवर खपली! पोटाखाली चट्टे!

ताई मटकन पोत्यावर बसली. कालपर्यंत तिच्याकडे एकाही पक्ष्याला साधी पुळी नव्हती. आता भावाच्या बाजूचा रोग जाळी ओलांडून आला होता, आणि येताना नखं लाल करण्याचा नवाच प्रकार घेऊन आला होता. शुक्रवारी तपासणी. दहा वर्षांत तिने एकही खेप वाया घालवली नव्हती, आणि हे भावाला कळलं तर तो आयुष्यभर ऐकवणार.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. दहाच्या दहा कोंबड्या पाटीत घालून तिने आपल्या अडगळीच्या खोलीत नेल्या, कोरडं ठणठणीत तूस वीतभर अंथरलं, खिडकी उघडी टाकली आणि पाण्याचं भांडं विटांवर उंच ठेवलं, म्हणजे सांडायला नको. लाल नखं बघून तिथेही त्या एकमेकींना टोचायला लागल्या, तेव्हा तिने एक जुना खाकी सदरा फाडून सगळ्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या. रोज सकाळी जुन्या सोडायच्या, धुतलेल्या बांधायच्या. तो सदरा मुकादमाचा नोकरीतला होता, हे तिला माहीत होतं. पण रोगही त्याचाच होता, तेव्हा सदरा त्याचा लागला तर काय बिघडलं, असा तिने विचार केला.

मंगळवारी मुकादमाने जाळीला नाक लावून पलीकडे पाहिलं. लाल नखं कुठेच नाहीत. भिंग लावलं. नाहीत. त्याने दोनदा मोजलं, तर तीनशेऐवजी दोनशे नव्वद भरल्या. पण कोंबड्या हलत असल्यामुळे त्याने आकड्याचा नाद सोडला.

“ताई, पक्षी बरे आहेत ना तुझे?”

ताई दचकली. “का? न असायला काय झालं?”

“सहज विचारलं.”

“सगळे उत्तम आहेत. अगदी सगळे. तुझे?”

“माझेही. तसे.”

“बरं.”

“बरं.”

दोघेही आपापल्या बाजूला वळले. मुकादमाने खूप विचार केला आणि वहीत लिहिलं, ‘पलीकडच्या जागेत जादू आहे. दोन दिवसांत खपल्या बऱ्या झाल्या. रंगसुद्धा बरा झाला.’ शेवटच्या वाक्याखाली त्याने रेघ ओढली, कारण हा शोध त्याला फार मोठा वाटला.

इकडे त्याच्या स्वतःच्या बाजूला मात्र गडबड होती. ताईकडून आणलेल्या दहा धडधाकट कोंबड्यांच्या मागे बाकीचा सगळा कळप लागला होता. जिथे त्या जात तिथे चोची खाली. बुधवारी त्यांच्या बोटांवर जखमा दिसल्या. गुरुवारी जखमा चिघळल्या आणि पोटाखाली लाली आली. मुकादम हळवा माणूस. त्याला ते बघून इतकं वाईट वाटलं, की त्याने सकाळ-संध्याकाळच्या चार बादल्यांच्या सहा केल्या आणि फिनेलही दुप्पट घातलं. पाणी टाकता टाकता तो त्यांना म्हणत होता, “बायांनो, तुमच्यासाठी एवढं करतोय, जरा साथ द्या.”

शुक्रवारी दहा वाजता डॉक्टरीणबाई आल्या. बारीक चणीच्या, केस आखूड कापलेल्या, तिशीतल्या बाई. बुटांवर त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि मुकादमाच्या बाजूचं दार उघडलं. लगेच त्यांनी डोळे मिटले. मग एक पाऊल मागे येऊन रुमाल काढला.

“काका, तुमचे डोळे चुरचुरत नाहीत?”

“कशाने?”

“या वासाने.”

“वास येतोय?” मुकादमाने कौतुकाने विचारलं. तीस वर्षं फिनेल हुंगून त्याच्या नाकाने केव्हाच काम सोडलं होतं. ताईलाही इतके दिवस वाटायचं, की भावाच्या बाजूने येतो तो औषधाचाच भपकारा असणार.

बाई आत गेल्या. त्यांनी एक कोंबडी उचलली, उलटी केली, पिसं फुंकून बाजूला सारली. दुसरी उचलली. तिसरी उचलली आणि थांबल्या.

“ही नखं अशी कशाने झाली?”

मुकादमाने घसा साफ केला. ताई जाळीपलीकडे आली होती. तिचा चेहरा उतरला.

“डॉक्टर, हाच तो नवीन रोग,” ती हळूच म्हणाली. “आधी नखं लाल पडतात. माझ्याकडेही दहा निघाल्या. मी लपवून ठेवल्यात, चुकलं माझं.”

“लपवून?” मुकादम ओरडला. “म्हणजे त्या बऱ्या नाही झाल्या?”

“माझ्याकडे आजारी कोंबड्या होत्या हे तुला आधी काय माहीत?”

“मला काय माहीत? मीच तर...” आणि मुकादमाने तोंड मिटलं.

नेमक्या याच वेळी घराच्या बाजूने बायको येताना दिसली. लग्न परवावर आलं होतं. नेलपॉलिश शोधता शोधता स्वतःचं घर संपलं, तेव्हा ती वन्संच्या अडगळीच्या खोलीपर्यंत पोचली होती. तिच्या काखेत एक कोंबडी होती. कोंबडीच्या एका पायाला खाकी चिंधी बांधलेली होती. दुसऱ्या पायाची सुटून लोंबत होती आणि खाली तीन नखं उन्हात झगमगत होती.

“वन्सं,” बायको म्हणाली, “तुमच्या खोलीत दहा कोंबड्या आहेत. त्यांनी यांचा सदरा घातलाय आणि माझं नेलपॉलिश लावलंय. मला कुणीतरी काहीतरी सांगेल का?”

मग मुकादमाला सगळं सांगावं लागलं. रोग कोंबडीत की जागेत, दहा इकडे, दहा तिकडे, बाटली दातांत. सांगताना तो आधी खाली बघत होता, पण युक्तीपाशी आल्यावर त्याला स्वतःचा अभिमान वाटला आणि मान वर झाली. ताईने कपाळाला हात लावला. बायकोने काखेतल्या कोंबडीचा पाय उलटसुलट करून पाहिला आणि लावलंय मात्र नीट, असं ती पुटपुटली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे चमकत होते.

“ती कोंबडी द्या इकडे,” त्या म्हणाल्या. त्यांनी तिच्या मांडीवरची पिसं फुंकली. खपली वाळून सुटत आली होती आणि खाली गुलाबी कातडी दिसत होती. “बाकीच्या नऊ?”

“अशाच,” ताई म्हणाली. “मी आपलं कोरडं तूस घातलं, दुसरं काही नाही.”

“काका, तुमचा प्रयोग मस्त झाला की. तुम्हाला हवा होता तसा नाही, पण झाला. आजारी पक्षी दुसऱ्या जागी गेले आणि पाच दिवसांत सुधारले. धडधाकट पक्षी तुमच्याकडे आले आणि बिघडले. कोंबडीला लाल दिसलं की टोचल्याशिवाय राहवत नाही, तो भाग तुमच्या नेलपॉलिशचा. पण टोचलेली जखम चिघळली का? आणि ज्यांना रंग लावलेला नाही त्यांच्या मांड्या अशा का?”

“का?” मुकादमाने विचारलं. एवढ्या गोंधळातही त्याला ते खरंच हवं होतं.

बाई खाली वाकल्या. त्यांनी मुकादमाच्या गादीतून मूठभर तूस उचललं, घट्ट दाबलं आणि मूठ उघडली. तळहातावर काळा गोळा बसला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. मग त्या जाळीचं दार उघडून ताईच्या बाजूला गेल्या, तिथलं मूठभर उचलून दाबलं आणि मूठ उघडली. तूस भुरभुर करून बोटांमधून पडून गेलं.

कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

“फोनवर मी गादीचं विचारलं होतं, काका.”

“मी स्वच्छ म्हणालो होतो.”

“हो. कोरडी आहे का, ते मी विचारायला हवं होतं. रोज किती पाणी टाकता?”

“आठ बादल्या,” मुकादम म्हणाला. “कालपासून बारा. धूळ उडू नये म्हणून.”

“हॉस्पिटलातली फरशी पुसली की वाळते. हे तूस वाळत नाही, सगळं पिऊन बसतं आणि विष्ठेसकट कुजतं, तोच हा वास. त्यावर हे पक्षी दिवसभर पोट टेकून असतात. कातडी भिजून मऊ पडते, मग साधा ओरखडा आला तरी जंतू आत शिरतात. अशा घाणीत फिनेलचं काही चालत नाही, उलट कातडी आणखी जळते.”

“पण मी रोज इथे तासन्‌तास बसतो,” मुकादम काकुळतीला येऊन म्हणाला. “मला ओल लागली नसती का?”

सगळ्यांनी एकदमच त्याच्या पायांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट. पांढरेशुभ्र.

“मला तर चपलेतूनसुद्धा लागते,” ताई म्हणाली. “सकाळी पाय टाकला की कळतं कुठे भांडं गळतंय ते.”

मुकादमाने नकळत एक बूट दुसऱ्यावर घासला. डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं.

“काका, पाय खाजतात का?”

“थोडेसे.”

“किती दिवस?”

“झाले असतील तीन-चार आठवडे.”

“बूट काढा बघू.”

“तुम्ही कोंबड्यांच्या डॉक्टर ना?”

“काढा.”

बायकोने स्टूल आणलं. बूट निघायला तयार नव्हते. ताईने एक ओढला, बायकोने दुसरा. आतून वाटीभर पाणी सांडलं. वाकून झारी भरताना, बादल्या उचलताना रोजचंच पाणी बुटांत उतरायचं आणि दिवसभर तिथेच राहायचं. मुकादमाच्या पायांच्या सगळ्या बोटांमध्ये पांढऱ्याफटक चिखल्या पडल्या होत्या. कातडी सोलवटली होती. तळव्यांवर लाल चट्टे होते.

डॉक्टरीणबाईंनी हातातली आजारी कोंबडी उलटी केली आणि तिचा तळवा मुकादमाच्या तळव्याशेजारी धरला. फोड आणि चट्टे अगदी शेजारी शेजारी आले. कोंबडीने मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने कोंबडीकडे पाहिलं.

“तुमच्या बुटातसुद्धा ओलीच गादी आहे,” बाई म्हणाल्या. “उत्तर महिनाभर तुमच्या पायांत होतं, काका.”

त्यानंतर बाईंनी कागद काढला. पक्ष्यांचं नुकसान मर्यादित आहे, कारण सापडलं आहे, ओली गादी आजच उचलून कोरडी टाकावी, पुढे कारभार एकच असल्यामुळे जाळी काढावी, पुढची खेप द्यावी. कारभारी या रकान्याशी येऊन त्यांनी पेन थांबवलं. पितळी किल्ली लटकत होती त्या घराच्या दिशेने मुकादमाने बघितलं नाही. बघायची त्याला लाज वाटली.

“ताईचं नाव घाला,” तो स्वतःच म्हणाला.

संध्याकाळपर्यंत ओली गादी बाहेर गेली, जाळी निघाली, नवं तूस आलं. मुकादमाने अनवाणी पायांनी पाट्या वाहिल्या. सगळं आटोपल्यावर तो शेडच्या दारात बसून राहिला. त्याला फार एकटं वाटत होतं. अठरा माणसांनी हौसेने दिलेले बूट कुंपणावर उलटे वाळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई किल्ली घेऊन आली. तिने कुलूप काढलं, पण दार ढकललं नाही.

“मुकादम,” ती म्हणाली, “आज गादी कशी आहे?”

ताई त्याला जन्मात कधी मुकादम म्हणाली नव्हती. तो गोंधळला. मग आत गेला, गुडघ्यांवर बसला आणि चार कोपऱ्यांतून चार मुठी दाबून बघितल्या.

“तीन कोपरे कोरडे. टाकीकडचा दमट आहे. तिथलं भांडं गळतंय.”

“मग काय करायचं?”

मुकादमाने मान वर केली. प्रश्न खरा होता की थट्टा, ते ताईच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि त्याला कळून घ्यायचंही नव्हतं.

“भांडं उंच करतो. तेवढं तूस बदलतो,” तो म्हणाला. त्या दिवसापासून ती रोज सकाळी विचारते आणि तो रोज सांगतो.

कोंबड्यांच्या खपल्या पंधरा दिवसांत गळून पडल्या. बायकोने भाचीच्या लग्नात बाटलीच्या तळाशी उरलेलं नेलपॉलिश लावलं. ते एका हातालाच पुरलं, म्हणून सबंध लग्नभर ती दुसरा हात पदराखाली लपवून हिंडली. मुकादमाच्या चिखल्या मात्र कोंबड्यांहून हट्टी निघाल्या. शेवटी ताईने त्याला अडगळीच्या खोलीत खुर्चीवर बसवला, पायांखाली कोरडं तूस घातलं, खिडकी उघडी टाकली आणि उरलेल्या खाकी सदऱ्याच्या चिंध्या बोटांच्या मधे घातल्या.

बसल्या बसल्या काही काम हवं म्हणून त्याने प्रयोगाची वही मागवली. पलीकडे सोडलेल्या दहा आजारी कोंबड्यांच्या नोंदींखाली थोडी जागा शिल्लक होती. बराच वेळ पेन्सिल चावून झाल्यावर त्याने लिहिलं:

‘नमुना अकरावा. नर. वय एकसष्ट. जागा बदलली. गादी कोरडी. सुधारणा आहे.’